‘औदुंबर’साठी काळी शाई घ्यायची तर कोणती?

कवितेवर चित्र काढायला बसणाऱ्याचा पहिला खर्च बहुतेक वेळा रंगांवर होतो, आणि तिथेच गणित चुकतं. दिवाळी अंक असो, कवितासंग्रहाची आतली पानं असोत की कॉलेजचं वार्षिक, कवितेशेजारचं चित्र अजूनही बहुतांशी काळ्या-पांढऱ्यातच छापलं जातं. म्हणून इथे फक्त काळ्याची पारख केली आहे: वॉटरप्रूफ ड्रॉइंग शाई, अ‍ॅक्रिलिक शाई, दगडावर उगाळायची सुमी कांडी आणि काळा पोस्टर कलर. त्यांच्या जोडीला टाक, ब्रश आणि कागद, कारण शाई एकटी काहीच ठरवत नाही.

पारखीला कविता घेतली बालकवींची ‘औदुंबर’. आठ ओळी, जवळपास सगळ्यांना पाठ, आणि काळ्या शाईला अवघड जाईल असं सगळं तिच्यात आहे. हिरवळीतून अडवीतिडवी जाणारी पांढरी पायवाट आहे, काळा डोह आहे आणि त्या डोहाच्या लाटांवर पसरलेला ‘गोड काळिमा’ आहे. नुसता काळाकुट्ट डोह कुठलीही शाई देईल. पाणी वाटेल, लाट दिसेल आणि तरीही अंधारून आलेलं वाटेल असं काळं किती शायांना जमतं, हा खरा प्रश्न.

बाटली उघडण्याआधी कविता नीट वाचावी लागते. ‘औदुंबर’वरची बरीच चित्रं फसतात ती शाईमुळे नाहीत. चित्रकार आठही ओळी एकेक करून कागदावर मांडत जातो: झरा, बेटं, टेकडी, चार घरं, शेतमळे, पायवाट, कुरण, डोह, झाड. होतो तो गावाचा नकाशा. कविता मात्र लांबून जवळ येते. पैल टेकडीकडचं गाव चिमुकलं आहे, शेतं त्याच्या पुढे आहेत, आणि पायवाट नजरेला धरून थेट डोहाशी आणून सोडते. झाड शेवटच्या ओळीत येतं. म्हणजे चित्रात पायवाट हीच मुख्य रेघ, डोह हाच मुख्य डाग. घरांना शेंगदाण्याएवढीही जागा देऊ नये.

दुसरी चूक वनस्पतीची. औदुंबर म्हणून सर्रास पारंब्या लोंबणारा वड काढला जातो. उंबराला वडासारख्या पारंब्या नसतात. त्याची ओळख म्हणजे खोडावर आणि जाड फांद्यांवर थेट लगडलेले फळांचे घोस. जमिनीपासून हातभर उंचीवर, राखाडी सालीला चिकटून पाच-सात उंबरांचा एक झुबका दाखवला की झाड ओळखू येतं, पानं मोजत बसायला नको. आणि ‘पाय टाकुनी जळात बसला’ म्हटलंय म्हणून बुंध्याला डोळे, नाक, दाढी काढणाऱ्यांना काय म्हणावं! मुळं पाण्यात शिरताना दाखवली की बसणं आपोआप दिसतं.

शाईच्या आधी लहान चौकोन काढून बघावेत. पोस्टकार्डाच्या पाव भागाएवढे सहा-आठ चौकोन, जाड मार्कर, फक्त काळं आणि पांढरं, करडं अजिबात नाही. एवढ्या लहान चौकोनात पायवाट डोहापर्यंत वाचता आली नाही तर महागातली शाईही ती वाचवणार नाही.

मापही इथेच ठरवून टाकावं. डेमी अष्टमांश पान साडेपाच बाय साडेआठ इंचांचं. समास आणि आठ ओळींची जागा सोडली तर चित्राला साधारण चार बाय साडेतीन इंच उरतात. चित्र दीडपट, म्हणजे सहा बाय सव्वापाच इंच काढावं. छपाईत लहान होताना हाताची थरथर लपते. पण रेषाही तेवढ्याच पटीने बारीक होतात. मूळ ०.३ मिमीची रेषा छापून ०.२ मिमी होते, ती टिकते. ०.१५ची ०.१ होते आणि साध्या कागदावर तुटक येते. घरांच्या छपरांना हीच बारीक रेषा वापरायचा मोह होतो आणि छापून आल्यावर गाव गायब झालेलं असतं.

आता शाया.

वॉटरप्रूफ ड्रॉइंग शाई कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते, स्वस्त असते आणि पुष्कळ दिवस पुरते. (आपल्याकडच्या कॅम्लिनची सुरुवातच १९३१ साली शाईच्या पुडी-गोळ्यांपासून झाली, तेव्हा ह्या बाबतीत मराठी माणसाला परदेशी बाटलीकडे धावायची फारशी गरज नाही.) ह्या जातीच्या शाईत पारंपरिक पद्धतीने काजळी असते आणि तिला धरून ठेवायला चपडी लाख, टाकणखाराच्या पाण्यात विरघळवलेली. आजकाल काही बाटल्यांत लाखेऐवजी कृत्रिम राळ असते आणि लेबलावर ते लिहिलेलं असेलच असं नाही. ओळखायची खूण साधी: वाळलेला जाड थर तिरक्या उजेडात धरावा. लाखेची शाई चकाकते.

रेषेला ही शाई उत्तम. टाकातून नेमकी उतरते, वाळली की तिच्यावरून पाण्याचा हात फिरवता येतो, भरीव काळं एका हातात भरतं. पोटात घ्यायच्या गोष्टी दोन. पहिली, फाउंटन पेनात किंवा टेक्निकल पेनात ही भरायची नाही; लाख आत वाळली की पेन संपलं. दुसरी गोष्ट डोहाच्या कामात आडवी येते. करड्या छटांसाठी ही शाई नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात पातळ केली की कधी कधी दुधासारखी फाटते: वाटीच्या तळाशी काळे कण आणि वर मळकट पाणी. लाख अल्कधर्मी (अल्कलाइन) पाण्यातच विरघळलेली राहते. जड पाण्यातला चुना तिला बाहेर काढतो आणि काजळीचे गोळे होतात. उपाय स्वस्त आहे. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्यावं आणि अर्ध्या कपाला अमोनियाचे एक-दोन थेंब टाकावेत. वास येतो, खिडकी उघडी ठेवावी, पण शाई फाटत नाही.

छटांचं प्रमाण: पाच मिली पाण्याला एक थेंब ही फिकी, चार थेंब मधली, बारा थेंब गडद. तीन वाट्या आधीच करून ठेवाव्यात, मध्येच मिसळायला गेलं की छटा जुळत नाही. वाळल्यावर प्रत्येक छटा एक पायरी उजळते, त्यामुळे आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर पट्टी वाळवून बघावी. लाखेच्या शाईचा हात लवकर वाळतो आणि कडा कडक उमटतात. शेतमळ्यांच्या दाट गर्दीला ते चालतं, किंबहुना शोभतं. डोहाला चालत नाही. पाण्यावर कडक कड आली की ते पाणी न राहता जमिनीवर पडलेली सावली दिसते.

वॉटरप्रूफ म्हणजे लगेच वॉटरप्रूफ असंही नाही. बारीक रेषेला दहा मिनिटं पुरतात. जिथे शाई साचली तिथे तासभर द्यावा, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात काम चालू असेल तर रात्रभर. घाई केली की पायवाटेच्या कडेची रेषा सुटते आणि राखलेल्या पांढऱ्यात करडा ओघळ येतो. तो मागे घेता येत नाही.

सुमी कांडी म्हणजे काजळी आणि प्राणिज सरस मळून, साच्यात घालून वाळवलेली शाई. दगडावर पाण्यात उगाळून वापरतात. आपल्याकडचे जुने लेखक-लेखनिक काजळ आणि बाभळीच्या डिंकाची शाई करत, तिची ही लांबची चुलत बहीण. तेलाच्या काजळीची कांडी उबदार, किंचित तपकिरी काळं देते. पाइनच्या काजळीची निळसर. झरा निळासावळा आहे म्हणून ‘औदुंबर’ला निळसर घ्यावी असं वाटेल, आणि मूळ चित्र भिंतीवर लावायचं असेल तर जरूर घ्यावी. एकरंगी छपाईत हा फरक पूर्ण नाहीसा होतो; तिथे जी मिळेल ती कांडी घ्यावी.

उगाळायची रीत: दगडावर अर्धा चमचा पाणी, कांडी उभी धरायची, वजन न टाकता सावकाश गोल फिरवायची, पाच ते दहा मिनिटं. कांडी फिरून गेल्यावर मागचा माग क्षणभर उघडा राहायला लागला की शाई दाट झाली. जोर लावला तर भरड कण सुटतात आणि करड्या छटेत वाळूसारखे दिसतात. काम संपल्यावर कांडी पुसून कोरडी ठेवायची. दगडावर ओली राहिली तर चिकटून बसते आणि काढताना टवका उडतो. उरलेली शाई ठेवायची नाही. सरस आहे तो. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी वास मारतो, आणि कुजलेल्या सरसाची शाई कागदाला धरत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर डोहासाठी. ‘गोड काळिमा’ एका हातात येत नाही, तीन हातांत येतो. डोहाची जागा स्वच्छ पाण्याने ओली करावी, वरची चमक जाईपर्यंत थांबावं, मग फिकी छटा सोडावी. ह्या पहिल्या हातात लाटांसाठी आडवे, दोन्हीकडे निमुळते होणारे पांढरे तुकडे राखावेत: जवळ दीड मिमी जाड, पलीकडच्या काठाकडे जाताना अर्ध्या मिमीपर्यंत. पूर्ण वाळल्यावर मधली छटा, पण ह्या वेळी राखलेल्या प्रत्येक पांढऱ्याच्या खाली थोडी फिकीही उघडी ठेवायची. मग गडद छटा, फक्त झाडाच्या बाजूला. निखळ काळं कुठे? मुळं पाण्याला टेकतात तिथे, नखाएवढं. बाकी डोह काळा ‘वाटतो’, असतो गडद करडा, आणि म्हणून त्याच्यात पाणी दिसतं. सुमीच्या छटा एकमेकींत सरकतात, कडा मऊ राहतात. लाखेच्या शाईने हेच केलं तर तिन्ही हातांच्या कडा मोजता येतात.

सुमीची खोड अशी की वाळली तरी ती लगेच पक्की होत नाही. दुसरा हात घाईने, घासून दिला तर पहिला उठतो. ब्रश भरलेला हवा आणि एकदाच फिरायला हवा. हात अर्धवट वाळला असताना त्यात पाण्याचा थेंब पडला तर फुलकोबीसारखी नक्षी उठते. ती पुसायला जाऊ नये, वाळू द्यावी आणि पुढच्या हातात झाडाच्या पडछायेत जिरवावी. बाटलीतली तयार सुमी शाई सोयीची आहे, पण तिच्यातही काहींत सरसाऐवजी राळ असते आणि मग छटांची ही मऊ सरक मिळत नाही. एका तुकड्यावर बघून घ्यावं.

अ‍ॅक्रिलिक शाईबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पक्की, बरीचशी मॅट, साध्या पाण्यात फाटत नाही, जाड थराला तडे जात नाहीत. भिंतीवर लावायच्या मोठ्या चित्राला चांगली. पुस्तकाच्या पानासाठी जास्त किंमत मोजण्याजोगं तिच्यात काही नाही, आणि टाकाच्या टोकावर तिचा प्लॅस्टिकचा पापुद्रा धरतो. दर काही मिनिटांनी टाक ओल्या फडक्याने पुसावा लागतो.

काळा पोस्टर कलर घरात असतोच म्हणून वापरला जातो. मोठं भरीव काळं भरायला तो खरोखर बरा: मॅट, चमक नाही, स्कॅनरला त्रास नाही. पण त्यात डिंक असतो, त्यामुळे पाणी लागलं की पुन्हा विरघळतो. काळ्या डोहावर पांढऱ्या पोस्टर कलरने लाटा काढायला जावं तर तिसऱ्या लाटेपर्यंत पांढरा करडा झालेला असतो. जाड लावला तर कागद वाकताना तडकतो. वरून पांढरं काढायचंच असेल तर खाली वाळलेली वॉटरप्रूफ शाई हवी आणि वर दाट पांढरा गॉश (अपारदर्शक जलरंग), साय जितकी दाट तितका, पाण्यासारखा नाही.

अर्थात पांढरं वरून काढण्यापेक्षा कागदाचंच राखलेलं बरं, निदान पायवाटेपुरतं तरी. लावलेला पांढरा आणि कागदाचा पांढरा छपाईत सारखा दिसतो, पण लावलेल्याची कड चाचरत येते. पायवाट राखायला मास्किंग फ्लुइड मिळतं, रबरासारखं असतं. गुळगुळीत, चांगल्या खळीच्या (खळ म्हणजे शाई शोषली जाऊ नये म्हणून कागदाला दिलेला लेप) कागदावर ते छान निघतं. हातकागदावर ते तंतूंसकट निघतं आणि वाट खरवडल्यासारखी दिसते. जुना ब्रश वापरावा आणि आधी साबणाच्या पाण्यात बुडवून घ्यावा, नाहीतर केस कायमचे चिकटतात. मेणबत्तीचा तुकडा घासूनही पांढरं राखता येतं. कड तुटक येते, पण कुरणातून जाणाऱ्या वाटेला ती वाईट दिसत नाही. मात्र मेण लागलेल्या जागी नंतर काहीही करता येत नाही.

कागदावर हात आखडू नये, शाईवर आखडला तरी चालेल. नुसत्या रेषेच्या चित्राला दीडशे जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) गुळगुळीत कार्ट्रिज पेपर पुरतो. छटा द्यायच्या तर २००च्या खालचा कागद पाण्याने फुगतो आणि शाई खळग्यांत साचते. ३०० जीएसएमचा हॉट-प्रेस्ड, म्हणजे गुळगुळीत दाबलेला, घ्यावा, नाहीतर पातळ कागद चारही बाजूंनी गमटेपने पाटावर ताणून वाळवावा. दाणेदार कोल्ड-प्रेस्ड कागदावर सुमीचे हात सुरेख बसतात. टाक मात्र दाण्याला अडखळतो आणि रेषेला काटे फुटतात.

हातकागदाचा मोह मराठी चित्रकाराला होणारच. पुण्यात शिवाजीनगरला १९४० सालापासूनची हातकागद संस्था आहे आणि सुती चिंध्यांच्या कागदाचा पोत मशिनच्या कागदाला येत नाही. घेताना एकच बघायचं: खळ. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. मिनिटभर मण्यासारखा उभा राहिला तर टाक चालेल. लगेच शोषला गेला तर त्या कागदावर शाई फुटेल, प्रत्येक रेषेला केसाळ कड येईल; असा कागद निव्वळ ब्रशच्या छटांसाठी ठेवावा. कुठल्याही हातकागदात तावागणिक थोडा फरक असतो, म्हणून एका तावाची परीक्षा दुसऱ्याला लावू नये.

टाक साधा, जी-निब (टोकदार, लवचिक निब). नव्या निबेवर गंज लागू नये म्हणून तेलाचा किंवा लाखेचा थर असतो. शाई निबेवर थेंबाथेंबाने गोळा होते ती त्यामुळे. टूथपेस्ट लावून जुन्या ब्रशने घासली की थर जातो. ज्योतीवर धरण्याची जुनी युक्ती आहे, पण क्षण-दोन क्षणांपेक्षा जास्त धरली तर पोलादाचं पाणी उतरतं आणि निब फाकते. जोर फक्त स्वतःकडे ओढताना द्यायचा. वर ढकलताना दिला की टोक कागदाचा तंतू पकडतं आणि शिंतोडे उडतात. पायवाटेच्या कडेच्या गवताला निबेपेक्षा बोरू बरा. त्याची रेषा मध्येच सुकते, तुटते, आणि गवत एकसारखं कधीच नसतं. डोहासाठी सहा नंबरचा गोल ब्रश, टोक होणारा. सिंथेटिक चालतो, पाणी थोडं कमी धरतो इतकंच. लाखेच्या शाईसाठी वेगळा ब्रश ठेवावा. वाळलेली लाख साध्या पाण्याने निघत नाही, अमोनियाच्या पाण्यात बुडवावा लागतो.

तर घ्यायचं काय? चित्र अंकात छापायचं असेल आणि कागद साधा असेल तर वॉटरप्रूफ ड्रॉइंग शाईची एक बाटली, एक जी-निब आणि कार्ट्रिज, बस्स. मग डोह छटांनी न करता भरीव काळ्याने आणि त्यात राखलेल्या लाटांनी करावा. लेटरप्रेसच्या काळात झिंकचा लाइन ब्लॉक फक्त काळं-पांढरं उचलायचा. छटांना त्या बारीक ठिपक्यांत फोडणारा हाफटोन ब्लॉक लागायचा, तो महाग आणि त्याला गुळगुळीत आर्ट पेपरही हवा. १९४५ साली ‘दीपावली’ अंक सुरू करणाऱ्या चित्रकार दीनानाथ दलालांच्या पिढीची आतल्या पानांवरची चित्रं रेषेत आणि भरीव काळ्यात बोलतात त्यामागे हेही एक कारण आहे. वर्षातून एखाददुसरं चित्र करणाऱ्याने सुमीच्या नादी लागू नये. कवितासंग्रह चांगल्या कागदावर निघणार असेल, किंवा मूळ चित्र कुणाला भेट द्यायचं असेल, तर कांडी आणि दगडाला पर्याय नाही.

छपाईला देताना शेवटचं काम पेन्सिल खोडण्याचं. शाई पूर्ण वाळल्यावर, मळून वापरायच्या मऊ खोडरबराने, टिपल्यासारखं. साधा खोडरबर घासला की काळ्याचा वरचा थर उडून ते राखाडी होतं. निव्वळ रेषेचं चित्र १२०० डीपीआयला, छटांचं ६०० डीपीआय ग्रेस्केलमध्ये स्कॅन करावं. डीटीपीवाला वेळ वाचवायला छटांच्या चित्रालाही थ्रेशोल्ड (प्रत्येक करडं निव्वळ काळं किंवा पांढरं करणारी आज्ञा) लावून टाकतो; तसं झालं तर डोहाचे तिन्ही हात एकाच काळ्यात बुडतात आणि टेकडीकडची चार घरं पांढऱ्यात. फाइलच्या नावातच ‘ग्रेस्केल ठेवा’ असं लिहून पाठवावं आणि प्रूफ मागवावं. स्क्रीनवर नको, ज्या कागदावर अंक छापणार त्याच कागदावर.